गो-वेंट-गॉन: तक्ता न घोकता इंग्रजीतला भूतकाळ

संध्याकाळी साडेसातला माझा स्पोकन इंग्लिशचा वर्ग भरतो. डोंबिवलीत, तळमजल्यावरच्या एका खोलीत. बारा-चौदा माणसं, सगळी दिवसभर राबून आलेली. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी एक मुलगी आहे, पतपेढीतून निवृत्त झालेले एक काका आहेत, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत तोंड उघडता यावं म्हणून येणारी एक ताई आहे. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारते: काल काय केलंत ते इंग्रजीत सांगा. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘येस्टर्डे आय हॅड वेंट टु दादर. बट आय डिडन्ट गॉट सीट.’ मग आपणच कपाळाला हात लावला. ‘शाळेत गो-वेंट-गॉन तोंडपाठ होतं हो मॅडम!’

तोंडपाठ होतं यात शंकाच नाही. ‘वेंट’ही बरोबर होतं आणि ‘गॉट’ही. दोघं फक्त भलत्याच खुर्चीत जाऊन बसले होते. पुस्तकाच्या मागे जो दीडशे-दोनशे क्रियापदांचा ए-टू-झेड तक्ता असतो, त्यात रूपं मिळतात, खुर्च्या कळत नाहीत. तेव्हा तो तक्ता काही दिवस बाजूला ठेवा. फाडू नका, पुढे लागेल.

आधी आपल्या घरात डोकावा

इंग्रजी फार लहरी भाषा आहे, अशी तक्रार मी दर बॅचला ऐकते. मग मी फळ्यावर मराठी लिहिते. बसणे-बसला, उठणे-उठला, हसणे-हसला. नियम सरळ आहे, ‘ला’ लावा. मग करणे-करला का नाही? आपण ‘केला’ म्हणतो. येणे-आला, होणे-झाला, मरणे-मेला, घेणे-घेतला, खाणे-खाल्ला, पिणे-प्याला, सांगणे-सांगितला. आणि जाणे? ‘गेला’. ‘ज’चा मागमूससुद्धा नाही, कारण ‘जा’ आला संस्कृतातल्या ‘या’ धातूवरून आणि ‘गेला’ आला ‘गम्’च्या ‘गत’वरून. दोन वेगळ्या घरांतली माणसं एका छपराखाली नांदताहेत.

‘गो’ आणि ‘वेंट’ची कथा नेमकी हीच. जुन्या इंग्रजीत ‘वेंड’ नावाचं, जाणे याच अर्थाकडे झुकणारं क्रियापद होतं. ‘सेंड’चं ‘सेंट’ तसं ‘वेंड’चं ‘वेंट’. ‘गो’ने ते उसनं घेतलं आणि परत केलंच नाही.

दोन्ही भाषांत बिघडलेली दिसतात ती रोजच्या वापरातलीच क्रियापदं, हे लक्षात आलं का? जाणे, येणे, करणे, खाणे, घेणे. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं घेतली तर दहाच्या दहा अनियमित निघतात. जे रूप दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतं ते पुढच्या पिढीच्या तोंडात जसंच्या तसं जातं. जे क्वचित ऐकू येतं ते विसरलं जातं आणि लोक सरळ नियम लावून मोकळे होतात. ‘हेल्प’चं भूतकाळी रूप एके काळी ‘होल्प’ होतं, आता ‘हेल्प्ट’ आहे. नवी क्रियापदं तर बहुतेक नियमानेच चालतात, म्हणून ‘गूगल’चं ‘गूगल्ड’ झालं. लहान मुलंही असाच नियम लावून बघतात. आपलं पोर ‘मी करलं’ म्हणतं, इंग्रजाचं पोर ‘आय गोड’ म्हणतं. ऐकायला दोन्ही गोडच.

मराठीपुढे इंग्रजीचा भूतकाळ एका बाबतीत अगदी गरीब आहे. गेलो, गेले, गेलास, गेलीस, गेला, गेली, गेलं, गेल्या, या सगळ्यांना तिथे एकच ‘वेंट’. त्याने आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, लोणचं खाल्लं. इंग्रजीत तिन्ही वेळा ‘एट’. वर्तमानकाळात ‘ही’ आणि ‘शी’च्या मागून शेपटीसारखा येणारा ‘एस’सुद्धा भूतकाळात गळून पडतो. अपवाद एकच: ‘वॉज’ आणि ‘वेअर’. ‘आय’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’ यांना ‘वॉज’, बाकी सगळ्यांना ‘वेअर’. ‘यू’ला नेहमी ‘वेअर’, समोर एकटा बंड्या बसलेला असला तरी. इंग्रजीने आपलं ‘तू’ केव्हाच टाकून दिलं आणि सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणायला सुरुवात केली, त्याची ही खूण.

पहिली पायरी: नियमवाल्यांचा उच्चार

ही पायरी दोन मिनिटांची आहे. नियमित क्रियापदांच्या शेवटी ‘ई-डी’ लागतं, पण त्याचा उच्चार दर वेळी ‘एड’ होत नाही. ‘वॉक’चं ‘वॉक्ट’ होतं, ‘कॉल’चं ‘कॉल्ड’. ‘वॉकेड’, ‘कॉलेड’ म्हणायची सवय असेल तर आजच सोडा. शब्दाच्या शेवटी आधीच ट किंवा ड असेल तरच जास्तीचं अक्षर ऐकू येतं: ‘वॉन्टेड’, ‘नीडेड’. तोंडाला आपोआप जमतं ते.

दुसरी पायरी: कोणती खुर्ची कोणाची

इथे थांबा. सगळ्या लेखातलं काहीच जमलं नाही तरी एवढं जमवा.

क्लासवाल्यांच्या भाषेत व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री. गो, वेंट, गॉन. यातला व्ही-टू एकटा उभा राहतो, त्याला कुणाचा हात धरावा लागत नाही: ‘आय वेंट’, ‘शी सॉ’, ‘दे केम’. व्ही-थ्रीला मात्र क्रियापद म्हणून उभं राहायला आधार लागतो. एकतर ‘हॅव, हॅज, हॅड’पैकी कुणीतरी पुढे हवं, नाहीतर कर्मणी वाक्यात ‘इज, वॉज, वेअर’ वगैरे मंडळींपैकी कुणीतरी: ‘शी हॅज गॉन’, ‘द ग्लास वॉज ब्रोकन’. म्हणून ‘आय सीन हिम’ चूक, ‘आय डन इट’ चूक. आधार नसेल तर ‘आय सॉ’, ‘आय डिड’.

आता ‘डिड’. आपली चूक कुठून येते ते बघा. मराठीत ‘तो गेला’, ‘तो गेला नाही’, ‘तो गेला का?’ या तिन्ही वाक्यांत ‘गेला’ हलत नाही. आपण ‘नाही’ किंवा ‘का’ मागे चिकटवतो आणि काम भागतं. मग इंग्रजी बोलतानाही ‘वेंट’ सोडवत नाही आणि तोंडातून ‘डिडन्ट वेंट’ निघतं. मी वर्गात टोलनाक्याचा दाखला देते. भूतकाळाचा टोल वाक्यात एकदाच भरायचा. ‘डिड’ने तो भरला की मागून येणारी गाडी तशीच सुटते, मूळ रूपात: ‘ही डिडन्ट गो’, ‘डिड ही गो?’ ‘आय डिडन्ट गॉट’ म्हणजे एकाच नाक्यावर दोनदा पैसे. ‘कुड’च्या बाबतीतही हेच धरून चाला: ‘आय कुडन्ट केम’ नाही, ‘आय कुडन्ट कम’.

दोन ठिकाणी हा नाका लागतच नाही. ‘हू’ हाच कर्ता असेल तर ‘डिड’ लागत नाही: ‘कोण गेलं?’ म्हणजे सरळ ‘हू वेंट?’ आणि ‘वॉज-वेअर’ आपला प्रश्न आणि आपला नकार स्वतःच करतात: ‘वॉज ही देअर?’, ‘ही वॉजन्ट देअर.’

तिसरी गोष्ट ‘हॅड’ची. सराईत इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या लोकांच्याही अंगवळणी पडलेली चूक आहे ही. मराठीत ‘मी काल दादरला गेले होते’ हे अगदी रोजचं, सरळ वाक्य आहे. त्यातलं ‘होते’ कानात वाजतं आणि आपण इमानदारीने ‘आय हॅड गॉन’ म्हणतो. ताईंनी तर ‘हॅड’ आणि ‘वेंट’ दोघांनाही एका बाकावर बसवलं. इंग्रजीला इथे फक्त ‘आय वेंट टु दादर येस्टर्डे’ हवं असतं. ‘हॅड’ ची पाळी येते ती भूतकाळातल्या दोन घटना असतील आणि त्यातली आधीची कोणती हे दाखवायचं असेल तेव्हा. ‘मी स्टेशनवर पोचले तेव्हा गाडी सुटली होती’: ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ पोचणं नंतरचं, सुटणं आधीचं. एकच घटना सांगायची असेल तर ‘होतो-होते’ ऐकून ‘हॅड’कडे धावू नका.

‘हॅव’चं दुखणं याच्या जवळचं. मराठीत ‘मी काल बघितलंय ते’ खुशाल चालतं. इंग्रजीत ‘येस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०१९’ असा संपलेल्या वेळेचा शिक्का बसला की ‘हॅव’ बाहेर: ‘आय सॉ इट येस्टर्डे.’ वेळ सांगितली नाही, फक्त ‘बघून झालंय’ एवढंच म्हणायचं आहे, तर ‘आय हॅव सीन इट’.

तिसरी पायरी: जी येतातच त्यांची उजळणी

नवं काही शिकण्याआधी घरातला साठा मोजा. वर्गातल्या काकांना मी क्रिकेटचा स्कोअरबोर्ड वाचायला सांगितला. ‘कॉट’ म्हणजे ‘कॅच’चं तिसरं रूप. ‘रन आउट’मधलं ‘रन’ हेही तिसरंच रूप, कारण रन-रॅन-रन. ‘बोल्ड’ मात्र नियमवालं, ‘बोल’ला ‘ई-डी’ लावून झालेलं. आयुष्यभर बघितलेल्या स्कोअरकार्डात व्याकरण दडलेलं आहे हे कळल्यावर काका इतके खूश झाले की पुढची दहा मिनिटं जुन्या मॅचेसमध्ये गेली.

व्हॉट्सॲपवर ‘लास्ट सीन’ आहे, आणि मुलं तर ‘त्याने मला सीनवर ठेवलं’ असं बोलतातच. हे ‘सी’चं तिसरं रूप. मेलमध्ये ‘सेंट’ची पेटी आहे. फ्लॅटच्या जाहिरातीवर ‘सोल्ड आउट’, डब्याच्या तळाशी ‘मेड इन इंडिया’, फ्रीजमध्ये फ्रोझन मटार, नाकाबंदीला ‘ड्रंक अँड ड्राइव्ह’, नोकरीसाठी रिटन परीक्षा. पासवर्ड विसरला की पडद्यावर ‘फॉरगॉट पासवर्ड’ येतं, ते दुसरं रूप, ‘आय’ गाळलेलं. आमच्या दारावरच्या पाटीतलं ‘स्पोकन’ म्हणजे ‘स्पीक’चं तिसरं रूप, आणि ज्याला सगळे घाबरतात त्या ब्रोकन इंग्लिशमधलं ‘ब्रोकन’ हे ‘ब्रेक’चं.

अशी यादी स्वतः करून बघा. वहीचं एक पान सहज भरतं.

चौथी पायरी: पहिली बारा

बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, सी, कम, टेक, गिव्ह. ही बारा हाताशी असली की आपला दिवस कसा गेला हे माणूस बऱ्यापैकी सांगू शकतो. वॉज किंवा वेअर-बीन, हॅड-हॅड, डिड-डन, सेड-सेड, वेंट-गॉन, गॉट-गॉट, मेड-मेड, न्यू-नोन, सॉ-सीन, केम-कम, टुक-टेकन, गेव्ह-गिव्हन. ‘से’चं ‘सेड’ लिहिताना त्यात ‘ए-आय’ दिसतं म्हणून ‘साइड’ म्हणू नका. ‘केम’चं तिसरं रूप पुन्हा ‘कम’ होतं, ‘हॅज केम’ कधीच नाही.

या बारांत गट-बिट शोधत बसू नका. ही घरची माणसं आहेत, एकेकाला नावाने ओळखावं.

पाचवी पायरी: बाकीची कानाने लावा

अकारविल्हे तक्त्यात ‘बाय’च्या आजूबाजूला ‘बर्स्ट’ आणि ‘कॅच’ येतात. त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तीच क्रियापदं आवाजाप्रमाणे लावली तर एक म्हटलं की दुसरं आपोआप तोंडात येतं, पाढ्यासारखं. मोठ्याने म्हणा, मनात वाचून उपयोग नाही.

न बदलणारा गट सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त बिघडवला जाणारा. कट, पुट, हिट, लेट, सेट, शट, हर्ट, कॉस्ट, बर्स्ट, स्प्रेड. तिन्ही रूपं तीच. सगळ्यांच्या शेवटी ट किंवा ड आहे हे ऐकलंत? तिथे आणखी एक ‘ई-डी’ चिकटवायला जीभ कंटाळली असं समजा. म्हणून ‘कटेड’, ‘पुटेड’, ‘कॉस्टेड’ म्हणायचं नाही. उलट मात्र खरं नाही: शेवटी ट आहे म्हणून ‘वेट’ या गटात येत नाही, त्याचं ‘वेटेड’च. रूप बदलत नसेल तर काळ कसा ओळखायचा? ‘ही कट्स’ म्हणजे तो कापतो. ‘ही कट’ म्हणजे त्याने कापलं. ‘एस’ नाही, हाच पुरावा.

दुसरा गट ‘ई’चा ‘ए’ होण्याचा. कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, स्वीप-स्वेप्ट, वीप-वेप्ट. त्यांच्या शेजारी फील-फेल्ट, मीन-मेंट, डील-डेल्ट, लीव्ह-लेफ्ट. आणि शेपूट न लागता फक्त स्वर आखडणारे: मीट-मेट, फीड-फेड, लीड-लेड, ब्लीड-ब्लेड, रीड-रेड. याच्यामागे कारण आहे. फार पूर्वी ‘कीप’चा उच्चार ‘केऽप’सारखा लांब होता. ‘केप्ट’मध्ये मागे दोन व्यंजनं एकत्र आली आणि स्वर आखूड झाला. पुढे साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले लांब स्वर सरकले, ‘केऽप’चा ‘कीप’ झाला. आखूड स्वर जागीच राहिला. म्हणजे मुळात जोडी नियमातच होती, उच्चार सरकल्यामुळे ती बिनसल्यासारखी दिसते. ‘रीड’ची गंमत अशी की स्पेलिंग तिन्ही रूपांत एकच, उच्चार मात्र रीड-रेड-रेड. देवनागरीत लिहिलं की फरक डोळ्यांना दिसतो, इंग्रजीत लिहिलं की लपतो. वहीत अशी क्रियापदं देवनागरीतच लिहा, लाज बाळगू नका.

‘सेंड-सेंट’चा गट छोटा आहे: स्पेंड-स्पेंट, लेंड-लेंट, बेंड-बेंट, बिल्ड-बिल्ट. ‘वेंट’चं माहेर इथलंच. ‘ग्राइंड-ग्राउंड’चा त्याहून छोटा: फाइंड-फाउंड, बाइंड-बाउंड, वाइंड-वाउंड. मिक्सरला आपण ग्राइंडर म्हणतोच. त्यात वाटलेली चटणी ‘ग्राउंड’.

मग येतो ‘ऑट’वाल्यांचा गट, आणि इथे सात जणांचा पाढा होतो: ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, थिंक-थॉट, फाइट-फॉट, सीक-सॉट, टीच-टॉट, कॅच-कॉट. दुसरं आणि तिसरं रूप एकच. ‘ब्रॉट’ आणि ‘बॉट’मध्ये बरेच जण घसरतात. ‘ब्रिंग’मध्ये र आहे तर ‘ब्रॉट’मध्ये र, ‘बाय’मध्ये नाही तर ‘बॉट’मध्ये नाही, एवढं पुरे. स्पेलिंगची खूणही तशीच. ‘टीच’ आणि ‘कॅच’ यांच्या मूळ स्पेलिंगमध्ये ‘ए’ आहे, म्हणून त्यांच्या भूतकाळात ‘ए-यू’. बाकीच्या पाचांत ‘ए’ नाही, म्हणून ‘ओ-यू’. ‘कॅच’ तर फ्रेंचमधून आलेला पाहुणा, पण या घरात इतका मुरला की अस्सल इंग्रज वाटतो.

गाण्यासारखा गट आहे सिंग-सँग-संगचा. रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, सिंक-सँक-संक, स्विम-स्वॅम-स्वम, बिगिन-बिगॅन-बिगन. मधलं रूप ‘ॲ’चं, शेवटचं ‘अ’चं. स्वर बदलून अर्थ बदलायची ही पद्धत फार जुनी. संस्कृतातलं ‘विद्’ आणि ‘वेद’ आठवा. दोन्हीकडे ती एकाच मूळ भाषाकुळातून आलेली आहे. याच गटाचे धाकटे भाऊ मधली पायरी गाळतात: स्टिक-स्टक, डिग-डग, विन-वन, हँग-हंग. ‘ब्रिंग’ला चुकून या ओळीत उभं करू नका, त्याची जागा वर सांगितली.

शेवटचा मोठा गट ‘न’ने संपणाऱ्यांचा. स्पीक-स्पोक-स्पोकन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, स्टील-स्टोल-स्टोलन, चूज-चोज-चोझन. राइट-रोट-रिटन, ड्राइव्ह-ड्रोव्ह-ड्रिव्हन. वेअर-वोअर-वॉर्न, टेअर-टोअर-टॉर्न. आणि ‘ऊ’वाले: ग्रो-ग्र्यू-ग्रोन, थ्रो-थ्र्यू-थ्रोन, फ्लाय-फ्ल्यू-फ्लोन, ड्रॉ-ड्र्यू-ड्रॉन. या गटात दुसरं आणि तिसरं रूप वेगळं असल्यामुळे खुर्च्यांचा गोंधळ उघडा पडतो. ‘आय हॅव ब्रोक’ किंवा ‘आय हॅव रोट’ म्हटलं की समोरच्याला लगेच कळतं. म्हणून त्या आठवड्यात हा एकच गट करा, सावकाश.

जाता जाता एक बचतीची गोष्ट. पुढे काहीतरी जोडलेलं क्रियापद बहुधा मूळ घराण्याचीच रूपं घेतं. स्टँड-स्टुड, म्हणून अंडरस्टँड-अंडरस्टुड. ड्रॉ-ड्र्यू, म्हणून बँकेतलं विथड्रॉ-विथड्र्यू. टेक-टुक, म्हणून ओव्हरटेक-ओव्हरटुक. कम-केम, म्हणून बिकम-बिकेम. पण ‘वेलकम’ या घराण्यातलं वाटतं आणि नसतं, त्याचं ‘वेलकम्ड’.

सहावी पायरी: दिसायला सारखी, स्वभावाने निराळी

‘लाय’ आणि ‘ले’ची जोडी चांगल्या चांगल्यांना गोत्यात आणते. ‘लाय’ म्हणजे आडवं होणं: लाय-ले-लेन. ‘ले’ म्हणजे काहीतरी ठेवणं, पसरणं: ले-लेड-लेड. म्हणजे एकाचं दुसरं रूप हेच दुसऱ्याचं पहिलं. त्यात खोटं बोलणं याही अर्थाचं ‘लाय’ आहे, ते नियमित: ‘लाइड’. लॅबमधल्या मुलीने ‘पेशंट लाइड ऑन द बेड’ लिहिलं होतं. पेशंट पलंगावर पडून खोटं बोलला! ‘पेशंट ले ऑन द बेड’ हवं. तोंडी बोलताना धास्ती वाटली तर सरळ ‘वॉज लाइंग’ म्हणा आणि सुटा.

‘फॉल-फेल-फॉलन’ आणि ‘फील-फेल्ट’ वेगळे: ‘आय फेल’ म्हणजे मी पडलो, ‘आय फेल्ट’ म्हणजे मला वाटलं. ‘फाइंड’चं ‘फाउंड’, पण संस्था स्थापन करणं म्हणजे मुळातच ‘फाउंड’, त्याचं ‘फाउंडेड’. शाळेच्या पाटीवर असतं ते हेच. ‘लीव्ह’ आणि ‘लिव्ह’ मराठी तोंडात एकच होऊन जातात: सोडलं तर ‘लेफ्ट’, राहिलो तर ‘लिव्ड’. ‘हँग’चं कपड्यांसाठी ‘हंग’, फाशीसाठी ‘हँग्ड’.

ब्रिटिश-अमेरिकन वादात पडू नका. अमेरिकन लोक ‘गेट’चं तिसरं रूप बऱ्याचदा ‘गॉटन’ करतात, आपल्याकडे ‘गॉट’ चालत आलं आहे. ‘लर्न’चं ‘लर्न्ट’ही चालतं, ‘लर्न्ड’ही. परीक्षेच्या एका पेपरात एकच पद्धत ठेवा, बस्स.

रोजचा सराव: कालची वही

दोनशेपानी वही नको, चाळीस पानी पुरते. रात्री झोपण्याआधी आजच्या दिवसाची पाच वाक्यं, सगळी भूतकाळात. लिहिताना फोन उघडायचा नाही. ज्या क्रियापदाची खात्री नाही त्याखाली रेघ ओढायची आणि पुढे जायचं. सकाळी चहाच्या वेळी फक्त रेघ ओढलेली रूपं शब्दकोशात बघायची. शब्दकोशात मूळ रूपाखाली शोधायचं. तिन्ही रूपं तिथे शेजारीशेजारी असतात. चुकलेलं वाक्य पुसायचं नाही. खाली नवं लिहायचं, म्हणजे आठवड्याने आपलीच खोड दिसते: कुणी ‘डिड’वर अडतं, कुणी ‘हॅड’वर.

पाच वाक्यांत एक नकार आणि एक प्रश्न हवाच, नाहीतर ‘डिड’ कधी पक्कं होत नाही. ‘मी जेवले’ लिहिलंत की लगेच ‘मी जेवले नाही’ आणि ‘तू जेवलास का?’ही लिहून बघा: ‘आय एट’, ‘आय डिडन्ट ईट’, ‘डिड यू ईट?’ मग तीच वाक्यं फोनमध्ये बोलून रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, मला ठाऊक आहे. पण ‘वॉकेड’ आणि ‘कटेड’ लिहिताना दिसत नाहीत, ऐकताना लगेच टोचतात.

तक्ता आता काढा. महिन्यातून एकदा त्यावर पेन्सिल फिरवायची: जी रूपं कालच्या वहीत खरोखर वापरली त्यांच्यापुढे टिंब. टिंब नसलेली क्रियापदं पाठ करायची घाई नको. ‘स्लिंक’ आणि ‘स्ट्रू’ची गरज पडेपर्यंत बरीच वर्षं जातील.

ताई चौथ्या आठवड्यात पुन्हा दादरला जाऊन आल्या. वही न बघता उभ्या राहिल्या. ‘आय वेंट टु दादर. कमिंग बॅक, आय डिडन्ट गेट अ सीट. आय स्टुड टिल ठाणे. देन आय गॉट अ सीट.’ ‘स्टुड’ त्यांना कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. ‘अंडरस्टुड’मधून काढलं म्हणाल्या. मागच्या बाकावरून काकांनी विचारलं, ‘विंडो गॉट?’ आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला: ‘डिड यू गेट!’